‘पुढेमागे’ नावाचे फोल्डर

सोमवार, ४ मार्च

आज एक गाऱ्हाणे रीतसर नोंदवून ठेवतो. वाचणाऱ्याने, म्हणजे मीच, दुसरे कोण वाचणार आहे, ते गांभीर्याने घ्यावे.

गेले चार दिवस मी लिहायला बसलो की कोणीतरी चुकचुकते. मी लिहितो, ‘पाणीपुरवठा समितीने चिंता व्यक्त केली’, की लगेच ‘च् च्’. ‘चिंता’ काढून ‘खेद’ घातला, तरी ‘च् च्’. वाक्यात खोट असेल तर माणसाने समोर येऊन सांगावे. तीस वर्षे वार्ताहर असलेल्या, शब्दरूपावली घोकत लहानाचा मोठा झालेल्या गृहस्थामागे असे चुकचुकणे सभ्यपणाचे नव्हे.

“पाल असेल,” बायको म्हणाली. ती शाळेत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळते. कारण सापडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मलाही अनुमान पटले. धूर दिसला की विस्तव असलाच पाहिजे, तद्वत चुकचुक ऐकू आली की पाल. आम्ही दोघांनी मिळून कपाट सरकवले. कपाटामागे माझी तीन वर्षांपूर्वी हरवलेली चष्म्याची डबी निघाली, एक एकटा मोजा निघाला, आणि ज्याच्यावरून आमचे भांडण झाले होते ते ग्रंथालयाचे पुस्तक निघाले. पाल नाही.

बाबा आरामखुर्चीतून ही मोहीम पाहत होते. “पाल शहाणी आहे,” ते म्हणाले. “बातमी वाचून निघून गेली असेल.”

बाबा एकोणऐंशीचे आहेत. मी ज्या वर्तमानपत्राला बातम्या देतो तिथेच ते छत्तीस वर्षे मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन दोन दशके झाली, तरी माझा मजकूर छापून आला की लाल पेन्सिल घेऊन बसतात. अंक घरोघर पोचल्यावर प्रूफ तपासणारा मुद्रितशोधक जगात हा एकच असावा.


बुधवार, ६ मार्च

पाल सापडली. लॅपटॉपच्या पोटात आहे.

सकाळी सगळीकडे शांत असताना आवाज पुन्हा आला. मी वाकून कळफलकावर कान टेकवला. तेवढ्यात बायको डबा भरून बाहेर आली.

“अहो, हे काय चाललंय?”

“ठोके ऐकतोय.”

“माझे ऐकायला कधी वाकला नाहीस,” खुर्चीतून बाबा.

बायकोने दोन क्षण ऐकले आणि निदान केले: हार्ड डिस्क. तिच्या शाळेतल्या संगणककक्षात अशीच एक चुकचुकत होती, आठवड्यात गेली. “आजच्या आज सगळं दुसरीकडे उतरवून घ्या,” म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे पाहून शाळेला गेली.

उमटणार कसे? मी काही काल जन्मलो नाही. माझे जे महत्त्वाचे आहे त्याची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर असते, दर शुक्रवारी, नेमाने, गेली तीन वर्षे.

महत्त्वाचे म्हणजे एक फोल्डर. त्याबद्दल घरात कोणाला ठाऊक नाही. गावातला मोठा माणूस गेला की वर्तमानपत्राला पाऊण तासात त्याच्यावर अर्धे पान हवे असते. पाऊण तासात माणसाचे आयुष्य लिहून होत नाही, म्हणून ते तो हयात असतानाच लिहून ठेवायचे असते. संपादक याला ‘आगाऊ मृत्युलेख’ म्हणतात. तो शब्द माझ्या अंगावर येतो. मी फोल्डरचे नाव ठेवले आहे ‘पुढेमागे’. त्यात आजमितीस त्रेसष्ट माणसे आहेत: दोन माजी नगराध्यक्ष, एक वृद्ध गायिका, पोहणे शिकवणारे एक सर, जे माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. ही मंडळी रस्त्यात भेटली की मी जरा जास्तच वाकून नमस्कार करतो. त्यांना वाटते, किती सुसंस्कृत माणूस. गेल्या वर्षी त्यांतले एकजण माझ्यादेखत जिन्यावर घसरले, आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो या वहीतही लिहिण्याजोगा नाही.

त्रेसष्टावे बाबा. छत्तीस वर्षे इतरांच्या चुका काढणाऱ्या माणसावर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत, म्हणून मीच लिहाव्यात असे वाटले. ‘छपाईखात्याचा इतिहास लिहितोय’ असे त्यांना सांगून सवडीने आठ रविवार त्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवले. नोव्हेंबरात त्यांच्या हृदयाच्या झडपेचे निदान झाले, त्याच आठवड्यात मी या कामाला लागलो, हा निव्वळ काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. दुसरे काही नाही.

झडप बदलायची तारीख मिळाली. गुरुवार, २१. सर्जन म्हणाले, आमच्याकडे हे रोजचेच आहे.


शुक्रवार, ८ मार्च

साडेपाच वाजता पेनड्राइव्ह लावला. पडद्यावरचे ‘पुढेमागे’चे चित्र उचलले, ते छोटेसे पिवळे पाकीट, कोपऱ्यात वाकडा बाण असलेले, आणि पेनड्राइव्हवर नेऊन सोडले. ‘आधीची जागा घेऊ का’ असे यंत्राने नेहमीप्रमाणे अदबीने विचारले. ‘घे’ म्हटले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्रेसष्ट आयुष्ये आणि आठ रविवारांचे बोलणे पलीकडे पोचले. बायकोला तिच्या फोनमधले चार फोटो पाठवायचे तर दहा मिनिटे लागतात. पद्धतशीरपणाचे हे फळ तिला दाखवण्याचा मोह आवरला. उगाच वाईट वाटायचे तिला.

लॅपटॉपची प्रकृती मात्र बरी नाही. उघडायला बावीस मिनिटे घेतली. दोनदा सबंध पडदा निळा करून बसला. मी बंद केला, चालू केला, बंद केला, चालू केला. हट्टी जनावराला असेच समजावतात.

संपादकांचा फोन आला. ते मला ‘पंडित’ म्हणतात; कौतुकाने नव्हे.

“पंडित, डिस्क काढ, प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि फ्रीजरमध्ये ठेव. माझ्या मेहुण्याने ठेवली होती.”

“मग चालली का?”

“ते विचारलं नाही.”

संपादकांचा चढा आवाज बायकोने स्वयंपाकघरातूनही ऐकलाच. “माझ्या फ्रीजरमध्ये लॅपटॉपचा एक स्क्रू जरी दिसला ना, तर तुम्हालाही तिथेच ठेवीन.”


रविवार, १० मार्च

नववी बैठक. बाबा आज रंगात होते. मी विचारले, सगळ्यात आवडते काम कोणते होते? म्हणाले, परीक्षांचे निकाल. पूर्वी निकाल वर्तमानपत्रात छापत. पानेच्या पाने नुसते आकडे. दोघांनी बसायचे, एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील आकड्यावर बोट फिरवायचे.

“कंटाळा नाही यायचा?”

“अरे, बातमी चुकली तर मंत्री खुलासा करतो. आकडा चुकला तर एखादं पोर नापास व्हायचं. घरी मार खायचं. त्या पानावर मी शिंकलोसुद्धा नाही कधी.”

छत्तीस वर्षांत असा एकच आकडा त्यांच्या बोटाखालून निसटला. तो आईचा. ती तक्रार घेऊन कार्यालयात आली, आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. मी त्याचा पुरावा आहे. ही गोष्ट त्यांनी तिसऱ्या रविवारी सांगितली होती. आई जाऊन सहा वर्षे झाली. लेखाचा प्राण म्हणाल तर तो परिच्छेद.

शेवटी मी ‘छंद?’ म्हणून विचारले. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ पाहिले.

“लिही,” म्हणाले. “चालणं.”

उठता उठता विचारत होते, इस्पितळात पेन्सिल नेऊ देतात का. म्हटले, देत असतील. टोक काढायला ब्लेड मात्र देणार नाहीत. “मग बोथट नेतो,” म्हणाले.

आजचे बोलणे लगोलग लॅपटॉपमध्ये उतरवले आणि फोनमधून पुसून टाकले. फोनचा काय भरवसा, हातातून पडतो.


सोमवार, ११ मार्च

सकाळी लॅपटॉप उघडला. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ: डिस्क सापडत नाही. पोटातली पाल अखंड चुकचुकते आहे.

मी शांत होतो. इतका शांत, की माझे मलाच कौतुक वाटले. दाढी केली, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि कार्यालयात जाऊन पाने लावणाऱ्या बाईंना म्हटले, जरा तुमच्या संगणकाला लावा. त्यांनी लावला. पिवळ्या पाकिटावर टकटक केली. संगणकाने कळवले की ही वस्तू जागेवर नाही.

“सर, हा शॉर्टकट आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे घराचा पत्ता. घर नव्हे.”

“पण मी दर शुक्रवारी घर नेत होतो.”

“नाही ना. तुम्ही पत्त्याची चिठ्ठी नेत होता. हा बघा कोपऱ्यातला बाण. एक किलोबाइट.” त्या भल्या बाई आहेत, हसल्या नाहीत. फक्त पाण्याचा पेला पुढे केला.

तीन वर्षे. दर शुक्रवारी. जुनी चिठ्ठी काढून तिच्या जागी तीच चिठ्ठी ठेवत होतो, आणि यंत्र दरवेळी अदबीने विचारत होते.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती हसत सुटली. भिंतीला टेकली, खाली बसली, पदराने डोळे पुसले, मग पुन्हा ‘पत्त्याची चिठ्ठी’ म्हणून हसली. मी तिला हसू दिले आणि मग फोल्डरात काय आहे ते सांगितले. बाबांचा लेख. नऊ रविवार.

ती थांबली.

“आईंच्या निकालाची गोष्टपण?”

“तीपण.”

“आणि फोनमध्ये?”

“पुसलं.”

ती उठली, शाळेत फोन लावून उद्याची अर्ध्या दिवसाची रजा सांगितली. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत ती माझ्यावर चिडली तर मला भीती वाटत नाही. ती कामाला लागली की वाटते.


मंगळवार, १२ मार्च

धुलाईच्या दुकानावर एक अरुंद खोली. भिंतीला लागून प्लास्टिकचे ट्रे, प्रत्येकात एक उघडा पडलेला लॅपटॉप आणि त्याच्या मालकाचे नाव. मधोमध टेबलावर दिवा, आणि दिव्यामागे चाळिशीतल्या एक बाई, कपाळावर भिंग चढवलेल्या. खालच्या इस्त्रीची वाफ जमिनीच्या फळ्यांमधून वर येते, तर त्यांनी तिथे ओळीने कुंड्या ठेवल्या आहेत. झाडे भलतीच सुखात दिसली.

बाईंनी लॅपटॉप कानाशी धरला आणि डॉक्टरांसारखे विचारायला सुरुवात केली.

“आवाज कधीपासून येतोय?”

“बारा दिवस.”

“आवाज आल्यावर किती वेळा चालू-बंद केलात?”

“तसं मोजलं नाही.”

“अकरा,” बायको म्हणाली. “एकट्या शुक्रवारी.”

बाईंनी भिंग डोळ्यावर ओढून माझ्याकडे पाहिले. “फ्रीजरमध्ये ठेवली होती का?”

“यांनी ठेवली असती.”

“ताई, तुमचे उपकार. आतमध्ये दव धरतं, मग काही उरत नाही.”

त्यांनी समजावून सांगितले. डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक डोके सरकत वाचत जाते, जुन्या तबकडीवरच्या सुईसारखे. त्या डोक्याला आता वाट सापडत नाही. ते जाते, आपटते, परत येते, पुन्हा जाते. तोच तो आवाज. मी प्रत्येक वेळी चालू केला तेव्हा त्याला पुन्हा धावायला लावले. डिस्क बाहेर काढून, थोडे वाचून, थोडी विश्रांती देऊन, जमेल तेवढे त्या उतरवून घेतील. पण मध्येच बसली तर बसली.

“म्हणून माझी एक पद्धत आहे,” त्यांनी खेळायच्या पत्त्याएवढा एक पुठ्ठ्याचा तुकडा आणि पेन माझ्यापुढे सरकवले. “आधी काय काढू ते लिहून द्या. एक, दोन, तीन. ‘सगळं’ लिहायचं नाही. पहिलं लिहाल ते पहिलं काढणार.”

मी लिहिले: १. एकोणीस वर्षांच्या बातम्यांची कात्रणे.

बाईंनी वाकून पाहिले. “घाई नाही,” म्हणाल्या. “सगळे पहिल्यांदा ऑफिसचंच लिहितात. मग खोडतात.”

मी खोडले. ‘पुढेमागे’ लिहिले. त्यांनी विचारले त्यात काय आहे. म्हटले, त्रेसष्ट माणसे आणि नऊ ध्वनिमुद्रणे. म्हणाल्या, मग त्यातही क्रम लावा. दोन माजी नगराध्यक्ष एका फटक्यात गेले. गायिका गेल्या. पोहण्याचे सर गेले. गावातली एवढी प्रतिष्ठित मंडळी मी एका पेनाने खाली ढकलत होतो आणि हात अजिबात थरथरत नव्हता. शेवटी वर दोनच उरले. मी लिहिले: १. बाबांचा लेख. २. बाबांचा आवाज.

बायकोने माझ्या हातातून पेन घेतले आणि आकडे बदलले.

“लेख तुम्ही परत लिहाल,” म्हणाली.

मला ते पटले नाही. नऊशे शब्दांत एक शब्द इकडचा तिकडे होण्यासारखा नाही, इतके घोटलेले काम आहे. पण परक्या माणसासमोर वाद नको म्हणून गप्प बसलो. निरोपासाठी बाईंना घरचा नंबर दिला. माझा फोन बैठकांमध्ये बंद असतो.


शनिवार, १६ मार्च

जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

चारला घरी आलो. बाबा टेलिफोनशेजारच्या खुर्चीत, बाहेर जायचे बूट घालून.

“तुझ्या त्या डिस्कवाल्या बाईंचा फोन आला होता,” म्हणाले. “फार गोड बोलतात.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, ‘चांगली बातमी आहे. बाबांचा मृत्युलेख पूर्ण आला, एक अक्षर गेलेलं नाही.’ मी म्हटलं, ‘वा, अभिनंदन.’ त्या म्हणाल्या, ‘आपण कोण बोलताय?’ म्हटलं, ‘बाबा.’”

“मग?”

“मग बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाल्या, ‘आजोबा, माफ करा.’ म्हटलं, अहो, माफी कसली, तुमच्याकडे प्रिंटर आहे का? होता. मग जाऊन घेऊन आलो.”

“जाऊन? तिथे वरच्या मजल्यावर?”

“एकोणीस पायऱ्या आहेत. आठव्या पायरीवर बसलो. बाईंनी खालीच पाणी आणून दिलं. झाडं छान ठेवलीत त्यांनी.”

बायको त्यांना रागावली. मी कधी तिला बाबांना रागावलेले पाहिले नव्हते. “पाच दिवसांवर ऑपरेशन आलंय बाबा! काही झालं असतं म्हणजे?”

“काही झालं असतं तर सूनबाई, मजकूर तयारच होता.”

मी म्हटले, बाबा, मी सांगणार होतो. म्हटले, हे आमच्याकडे सगळ्यांचेच लिहून ठेवतात, संपादकांचेसुद्धा आहे. म्हटले, त्याचा तुमच्या झडपेशी काही संबंध नाही.

बाबांनी बूट काढायला घेतले. “जन्मगाव,” ते बुटाच्या नाडीकडे पाहत म्हणाले. “शिक्षण. पहिली नोकरी. छंद. मागे परिवार कोण. अरे, हजारभर मृत्युलेख तपासलेत मी. छपाईखात्याचा इतिहास लिहिणारा माणूस छंद विचारतो का कधी?”

“म्हणजे तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्या रविवारी.”

“आणि तरी सांगत बसलात? नऊ रविवार?”

“तू ऐकत होतास,” बाबा म्हणाले. “एरवी दहा मिनिटांवर कधी बसला आहेस? प्रूफ परवा देतो. चुका फार आहेत.”


सोमवार, १८ मार्च

प्रूफ मिळाले. सहा पाने, आणि त्यांवर पांढरे कमी, लाल जास्त.

‘भाषेचे निःस्पृह उपासक’ हे सबंध काढून त्या जागी ‘नोकर’. ‘त्यांच्या गरुडदृष्टीतून काही निसटत नसे’ याच्यापुढे: ‘आईचा आकडा निसटला. पुढच्याच परिच्छेदात तू लिहिले आहेस. आपलाच मजकूर वाचत जा.’ ‘वृद्धापकाळाने’ याच्याभोवती गोल काढून समासात प्रश्नचिन्ह आणि ‘खात्री करून घ्या’. माझे एक संस्कृत वचन, जे शोधायला मला अख्खी दुपार लागली होती, ते नुसते खोडले आहे. कारण देण्याच्याही योग्यतेचे वाटले नसावे. नऊशे शब्दांचे साडेतीनशे केले. खाली शेरा: ‘बाकी बरे आहे.’

तो शेरा मी तीनदा वाचला. तीस वर्षांत असा शेरा मिळालेला नाही.

आईच्या परिच्छेदात मी लिहिले होते, ‘नापास ठरलेली ती तरुणी डोळ्यांत पाणी घेऊन कार्यालयाच्या दारात उभी राहिली.’ बाबांनी ‘पाणी’ खोडून समासात लिहिले आहे: ‘पाणी नव्हते. छत्री होती.’

मी प्रूफ घेऊन त्यांच्यापुढे गेलो. “पाणी तुम्हीच म्हणाला होतात. ध्वनिमुद्रणात आहे.”

“मग लाव बघू.”

लावणार काय? दुपारीच जाऊन डिस्कवाल्या बाईंकडून सगळे आणले होते. पुठ्ठ्यावरच्या क्रमाप्रमाणे त्यांनी आवाजापासून सुरुवात केली. नवांपैकी सहा रविवार आले. लेख आला. मग एकेचाळीस माणसे आली, आणि त्यानंतर डिस्क कायमची गप्प झाली. कात्रणे गेली, दुसरे माजी नगराध्यक्ष गेले. त्यांना आता निदान माझ्या बाजूने दीर्घायुष्य आहे. न आलेले रविवार तीन: पाचवा, नववा आणि तिसरा. तिसरा, म्हणजे आई. बाई म्हणाल्या, त्याच्यावर त्यांनी दीड दिवस घालवला. त्यांचाच चेहरा इतका उतरला होता की मला त्यांची समजूत काढावी लागली.

हे बाबांना कसे सांगावे या विचाराने मी येताना एक स्टॉप पुढे जाऊन उतरलो होतो. आता सांगून टाकले.

“तिसरा गेला?” बाबा म्हणाले. “बरं झालं. त्यात थाप होती.”

“कसली थाप?”

“ती रडतबिडत नव्हती आली. छत्री घेऊन आली होती, आणि ऊन पडलं होतं बाहेर. पण मुलासमोर ते कसं सांगायचं, म्हणून जरा नीट करून सांगितलं.”

“म्हणजे आईने तुम्हाला छत्रीने...?”

बायको हातातले काम टाकून दारात येऊन उभी राहिली. “बाबा, सांगा ना!”

“आत्ता नाही.”

“मग कधी?”

“घरी आल्यावर. रविवारी. त्या रविवारी जमलं नाही तर पुढच्या. तीन रविवार गेलेत ना, तीन भरून देईन. पण या खेपेला छंद विचारायचे नाहीत. आणि तो मजकूर तोवर रोखून ठेव, अपुरा आहे.” मग बायकोकडे वळून म्हणाले, “सूनबाई, ते रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं ते तू बघ. याच्याकडे पत्ता दे फक्त.”

ती दोघे कितीतरी वेळ हसत होती. मीही हसलो. विनोद चांगला होता, आणि बाबांना हसताना धाप लागली तेव्हा आम्ही तिघेही एकदम थांबलो.


बुधवार, २० मार्च

लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसली. बायकोने दोन वेगळ्या डबीसारख्या डिस्क आणल्या, एक घरात राहणार, एक तिच्या प्रयोगशाळेच्या कपाटात. सहा रविवार दोन्हींवर आहेत. तिने स्वतः उघडून, ऐकून पाहिले. मला बाण नसलेले फोल्डर कसे ओळखायचे ते शिकवले आणि परीक्षाही घेतली. दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो.

दुपारी बाबांना दाखल केले. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीतून सायकलींचा तळ दिसतो. संमतिपत्र आले, त्यावर मी जवळचा नातेवाईक म्हणून सही केली आणि मग ते बाबांच्या हाती दिले. पेन्सिल त्यांनी नेलीच होती. त्यांनी तीन चुका काढल्या. नर्स म्हणाल्या, आजोबा, आता हे चालणार नाही, नवीन आणावं लागेल. “आणा,” बाबा म्हणाले, “आणि सगळेच नवे छापून घ्या.” त्या गेल्या आणि खरोखर दोन डॉक्टरांना ते पान दाखवायला घेऊन आल्या. पाच मिनिटांत सगळा मजला त्यांच्या खोलीत. मी निघालो तेव्हा ते कोणाला तरी निकालांच्या पानांबद्दल सांगत होते, एकाने वाचायचे, एकाने बोट फिरवायचे. माझ्याकडे पाहून त्यांनी फक्त हात वर केला.

आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत. बायको उद्याची पिशवी भरते आहे. संपादकांचा फोन येऊन गेला. उद्या बातमी नको, म्हणाले, ‘पंडित’ म्हटले नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली आहे. फेब्रुवारीत सर्जन मला एकट्याला बाजूला घेऊन बोलले होते. या वयात आणि या हृदयाला, शंभरांतले चार टेबलावरून परत येत नाहीत. हा आकडा मी बाबांना सांगितला नाही, बायकोला सांगितला नाही, या वहीतही लिहिला नाही. दोन आठवडे डिस्कच्या मागे पळत होतो, कारण तेवढा वेळ दुसरे काही मनात येत नव्हते. डिस्क सगळीच्या सगळी गेली असती तरी चालले असते. सकाळी साडेआठला बाबांना आत नेणार आहेत. ते परत येणार नाहीत अशी मला भीती वाटते.